व्यायामाची भीती आधी पालकांची जावी
कर्करोगातून बरे झालेल्या किशोरवयीन मुलांच्या सवयींवरील एका लेखात आहाराला भरपूर जागा मिळाली, व्यायामाला मात्र दोनच ओळी, याची खंत वाटते. डॉक्सोरुबिसिनसारख्या कर्करोगावरील औषधांचा दुष्परिणाम हृदयावर कित्येक वर्षांनीही दिसू शकतो आणि दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडमुळे हाडे ठिसूळ होऊ शकतात. परंतु म्हणून मुलांना जपण्याच्या नावाखाली घरात बसवून ठेवणे मला अन्यायाचे वाटते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षे वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटांची शारीरिक हालचाल सुचवते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, गरजेप्रमाणे हृदयाची तपासणी करून, आपल्या नाशिकमध्ये गोदाकाठी चालण्यापासून सुरुवात करता येईल. डोंगरावरच्या पांडवलेणीच्या पायऱ्या पुढे सावकाश. आणि मुलांच्या सवयींबद्दल बोलताना, तंबाखूबंदी मात्र घरातील मोठ्यांनी आधी स्वतः पाळावी.