साहेबांना कळवले की कवळले?

‘केंब्रिजच्या संशोधनानुसार शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की पुरे. मधली कशीही असोत. मेंदू अक्षरं वाचतच नाही, अख्खा शब्द वाचतो. हाच गेस्टाल्ट सिद्धांत!’ ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय.

केंब्रिजचं आधी उरकू. तिथे असं संशोधन झालेलंच नाही. 2003 मध्ये हा मजकूर पसरला तेव्हा केंब्रिजमध्येच भाषेवर काम करणाऱ्या मॅट डेव्हिस यांनी तो तपासून खोडला. जुना धागा सापडतो तो नॉटिंगहॅमला, ग्रॅहॅम रॉलिन्सन यांच्या 1976 च्या प्रबंधात.

मधली अक्षरं कशीही? कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये इंग्रजी वाक्यांवर मोजलं. सरळ मजकूर मिनिटाला 255 शब्द, मधली अक्षरं हलवली की 227, सुरुवातीची हलवली की 163. अर्थ लागतो, पण फुकटात नाही.

मराठीत तर गंमतच. ठाणे-वाशी लोकलची स्थानकं घ्या. ठाणे, तुर्भे, वाशी यांना मधलं अक्षरच नाही. ऐरोली, रबाळेला एकच, ते हलणार कुठे? घणसोलीनंतर ‘कोरखैपरणे’ दिसलं तर रोजचा प्रवासी ओळखेल, कारण पुढे काय येणार हे त्याला पाठ असतं. नवख्याचं काय? आणि ऑफिसच्या मेलमध्ये ‘साहेबांना कळवले’चं ‘साहेबांना कवळले’ झालं, तर पहिलं-शेवटचं अक्षर जागेवर आहे, असं एचआरला सांगून बघा.

‘अक्षरं वाचतच नाही’ हेही नाही. क्षणभर दाखवलेलं अक्षर सुटं असण्यापेक्षा शब्दात असताना जास्त अचूक ओळखलं जातं, हे 1969 च्या प्रयोगात दिसलं. म्हणजे अख्ख्या शब्दाचा टेकू अक्षरालाच मिळतो.

गेस्टाल्टवाले, म्हणजे सुट्या भागांपेक्षा त्यांच्या मांडणीला महत्त्व देणारे मानसशास्त्रज्ञ, तर नेमकं उलट सांगत होते. त्यांच्या आधी, 1890 मध्ये, तत्त्वज्ञ एरेनफेल्स यांनी उदाहरण दिलं ते चालीचं. गणपतीत आरती कोणी काळी चारमध्ये उचलतो, कोणी पांढरी पाचमध्ये. सूर सगळे सरकले तरी चाल तीच. पण तेच सूर ठेवून क्रम विस्कटा, चाल गेली! गेस्टाल्टवाल्यांपैकी वेर्थायमर यांच्या 1912 च्या प्रयोगातही दोन रेघा पाठोपाठ दाखवल्या होत्या. मध्ये सुमारे 60 मिलिसेकंद असले की एकच रेघ सरकताना दिसे. सुमारे 200 झाले की एकीमागून एक, सुट्या दोन. रेघा त्याच, बदललं ते फक्त मधलं वेळेचं अंतर. फॉरवर्डवाले म्हणतात, मधलं काहीही चालतं.