तांबे, ॲल्युमिनियम आणि कळकलेले ताक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

तांबे आणि ॲल्युमिनियम या दोन धातूंच्या गुणधर्मांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपण अनेक वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आहे हे वाचल्यावर मी माझा लेख पुन्हा एकदा, या वेळी विद्यार्थ्याच्या धास्तीने, वाचून काढला. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आपले आक्षेप थोडक्यात सांगतो. ‘विरल आम्लांचा तांब्यावर परिणाम होत नाही’ हे माझे वाक्य खरे असते, तर बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात ताक कळकले (धातू उतरून चवीला बिघडले) नसते, हा पहिला आक्षेप. अभिक्रियाशीलता श्रेणीत, म्हणजे धातू किती सहज अभिक्रिया करतात त्या क्रमवारीत, ॲल्युमिनियम तांब्याच्या कितीतरी वर असताना मी त्याला ‘हवेत तांब्याहून अधिक टिकणारा’ म्हटले, हा अंतर्विरोध आहे, हा दुसरा. ‘वजनाच्या हिशेबाने ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा सरस वाहक आहे’ हे विधान म्हणजे शब्दांची कसरत असून तारांसाठी तो केवळ स्वस्त म्हणून वापरतात, हा तिसरा. शेवटी आपण घरातल्या वायरिंगविषयी एक प्रश्नही विचारला आहे.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. परीक्षानळीत तांब्याचा कीस टाकून त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की बुडबुडे येत नाहीत, हे आपण सर्वांनी पाहिलेले असते आणि त्यावरून ‘क्रिया होत नाही’ असे वहीत लिहून मोकळे झालेलो असतो. मीही तेच केले. प्रत्यक्षात त्या प्रयोगातून एवढेच सिद्ध होते की तांबे आम्लातून हायड्रोजन बाहेर काढू शकत नाही. तांब्याचा प्रमाण विद्युतअग्र विभव (जितका अधिक, तितकी इलेक्ट्रॉन सोडण्याची ओढ कमी) हायड्रोजनच्या तुलनेत अधिक ०.३४ व्होल्ट आहे, म्हणून ते त्याच्या ताकदीबाहेरचे काम आहे. परंतु ताकात लॅक्टिक आम्लाबरोबर हवेतून विरघळलेला ऑक्सिजनही असतो, आणि हे दोघे मिळून जे करतात ते एकट्या आम्लाला जमत नाही: ऑक्सिजन तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेतो, आम्लातील हायड्रोजन आयनांशी मिळून त्याचे पाणी होते, आणि तांबे आयनरूपाने ताकात उतरते. हायड्रोजन वायू कुठेच सुटत नसल्यामुळे बुडबुडा दिसत नाही, आणि हे सारे गुपचूप घडते. जिभेला मात्र ते कळते. ‘कळकणे’ हे क्रियापद ज्यांनी घडवले त्यांनी माझ्यापेक्षा काळजीपूर्वक निरीक्षण केले होते, हे कबूल करायला हवे.

याच संदर्भात आपण चिंचेने तांब्या घासण्याचे उदाहरण दिले आहे, तेथे मात्र थोडा फरक करावा असे मला वाटते. चिंचेतील टार्टारिक आम्ल भांड्यावरचा काळपट ऑक्साइडचा थर विरघळवते. तांब्याचे ऑक्साइड आम्लारिधर्मी, म्हणजे आम्लाशी थेट क्रिया करणारे, असल्याने त्याला ऑक्सिजनच्या मदतीची गरज नसते आणि काम मिनिटाभरात होते. खालचा धातू मात्र इतक्या अवधीत फारसा झिजत नाही. तीच चिंच रात्रभर भांड्याला लागून राहिली, तर सकाळी कडेने हिरवट जंगाल दिसू लागते, कारण तेथे ओलावा, आम्ल आणि हवा तिन्ही एकत्र येतात. कल्हई करणारा कारागीर भांडे तापवून नवसागर टाकतो तेव्हा हीच साफसफाई अधिक जोरात होते: उष्णतेने नवसागरातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, ऑक्साइड निघून जाते, आणि अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील स्वच्छ धातूवर पसरते. लेखातील ते वाक्य मी आता ‘ऑक्सिजनच्या अनुपस्थितीत’ आणि ‘नायट्रिक आम्ल वगळता’ या अटी घालून दुरुस्त केले आहे.

दुसऱ्या आक्षेपाच्या बाबतीत मी अर्धी माघार घेतो. ‘अधिक’ हा शब्द चुकीचा होता. न्यूयॉर्कच्या बंदरात १८८६ साली उभारलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा पत्रा तांब्याचा आहे, त्याची जाडी अडीच मिलिमीटरहूनही थोडी कमीच आहे, आणि खाऱ्या वाऱ्यात काही दशकांत तो हिरवा झाला तरी त्या हिरव्या थराखालचा धातू शाबूत राहिला. अशा धातूला कमी टिकाऊ म्हणण्याचे कारण नव्हते. मात्र ॲल्युमिनियमच्या टिकाऊपणात अंतर्विरोध आहे हे मला पटत नाही. अभिक्रियाशीलता श्रेणी कोणत्या धातूची इलेक्ट्रॉन सोडण्याची ओढ किती आहे ते सांगते. ती ओढ प्रत्यक्षात किती वेगाने पुरी होईल याबद्दल ती काहीच बोलत नाही. ॲल्युमिनियमचा विभव उणे १.६६ व्होल्ट आहे, म्हणजे ओढ जबरदस्त आहे, आणि तिच्यामुळेच नव्याने कापलेल्या पृष्ठभागावर जवळजवळ तत्क्षणी ऑक्साइडचा थर तयार होतो. हा थर नेहमीच्या हवेत दोन-चार नॅनोमीटर जाडीचाच असतो, पण तो सलग असतो आणि धातूला घट्ट चिकटून बसतो. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटत जातो आणि आतला धातू उघडा पाडत राहतो, तसे येथे होत नाही. वॉशिंग्टन येथील स्मारकस्तंभाच्या टोकावर १८८४ साली सुमारे २.८ किलोग्रॅमचा ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला गेला, तेव्हा हा धातू दुर्मीळ आणि महाग होता. विजेच्या आघातांनी त्याचे टोक थोडे वितळले असले तरी तो आजही वर आहे. (गंमत म्हणजे त्यानंतर दोनच वर्षांत, तांब्याचा तो पुतळा उभा राहिला त्याच साली, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे विद्युत अपघटनाने हा धातू मिळवण्याची रीत शोधली आणि ॲल्युमिनियमचा सरंजामी थाट संपला.)

थर काढला की खरा ॲल्युमिनियम कसा वागतो, हे पाहण्यासाठी एक प्रयोग सुचवतो. आपण तो वर्गात केलाही असेल. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात ॲल्युमिनियमची चकचकीत फॉइल बुडवावी. श्रेणीप्रमाणे तिने तांबे तत्काळ विस्थापित करायला हवे, पण बराच वेळ काहीही घडताना दिसत नाही. आता त्यात चिमूटभर साधे मीठ टाकावे. थोड्याच वेळात फॉइलवर तांबूस डाग उमटतात, बुडबुडे येऊ लागतात, द्रावण गरम होते आणि फॉइलची चाळण होते. मिठातील क्लोराइड आयन ऑक्साइडचा थर जागोजाग भेदतात, आणि खालचा धातू मोरचुदाला भेटला की श्रेणीचा शब्द खरा ठरतो. (मोरचूद विषारी आहे, म्हणून स्वयंपाकाचे भांडे वापरू नये आणि प्रमाण अगदी थोडे घ्यावे.) द्राक्षबागायतदार फवारणीसाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण करताना लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे टाळून प्लास्टिकचे पिंप घेतात, त्यामागे हेच विस्थापन आहे. पारा हा थर याहूनही वाईट रीतीने मोडतो, आणि विमानात पारा नेण्यावरील कडक निर्बंधांचे एक प्रमुख कारण म्हणजे विमानाचा सांगाडा बहुतांशी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा असतो.

तेव्हा ‘टिकाऊ’ हा गुण एकट्या धातूचा मानता येत नाही. धातू, त्यावरचा थर आणि सभोवतालचे द्रव्य या तिघांचा मिळून तो ठरतो. हे मूळ लेखात यायला हवे होते. संहत नायट्रिक आम्लात तांबे तपकिरी वायूचे लोट सोडत विरघळते, तर ॲल्युमिनियम त्याच आम्लात निष्क्रिय होऊन बसतो, इतका की ते आम्ल साठवायला ॲल्युमिनियमच्या टाक्या चालतात. उलट कॉस्टिक सोड्यात तांब्याला विशेष काही होत नाही आणि ॲल्युमिनियम हायड्रोजन सोडत विरघळतो, कारण त्याचे ऑक्साइड उभयधर्मी, म्हणजे आम्ल आणि अल्कली दोन्हींशी क्रिया करणारे, असल्याने अल्कलीतही टिकत नाही. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमचे पातेले घासू नये, असे घरातील मोठी माणसे सांगत, ते याचसाठी.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मी असहमत आहे. किंमत हे कारण आहेच, परंतु एकमेव नाही. २० अंश सेल्सिअसला तांब्याची रोधकता १.६८ आणि ॲल्युमिनियमची २.६५ मायक्रोओहम-सेंटीमीटर आहे, म्हणजे तेवढाच रोध हवा असेल तर ॲल्युमिनियमच्या तारेचे काटछेद क्षेत्रफळ सुमारे १.६ पट घ्यावे लागते. पण घनता पाहिली तर एका घन सेंटीमीटरला तांबे ८.९६ ग्रॅम भरते आणि ॲल्युमिनियम २.७० ग्रॅम. दोन्ही आकडे एकत्र मांडले की ही जाड तार वजनाला तांब्याच्या तारेच्या निम्म्याहूनही हलकी ठरते. दोन खांबांमध्ये लटकणाऱ्या तारेला स्वतःचे वजन पेलावे लागते, त्यामुळे येथे वजनाचाच हिशेब खरा. भिंतीतल्या अरुंद पाइपात किंवा मोटारीच्या गुंडाळीत जागा मोजून मिळते, तेथे घनफळाचा हिशेब लागतो आणि तांबे जिंकते. तुलना कशाच्या मापाने केली यावर निकाल फिरतो, हे उष्णतेच्या बाबतीतही दिसते: एक ग्रॅम ॲल्युमिनियम एका अंशाने तापवायला ०.९० ज्यूल लागतात आणि तांब्याला ०.३८५, परंतु घन सेंटीमीटरच्या मापाने तेच आकडे २.४ आणि ३.४५ असे उलटतात. ॲल्युमिनियम मऊ असल्याने लांब पल्ल्याच्या तारेत पोलादाचा गाभा घालतात. वीज खात्यातील लोक या तारांना ‘रॅबिट’, ‘डॉग’, ‘पँथर’ अशा नावांनी ओळखतात, आणि त्यांपैकी ‘रॅबिट’मध्ये पोलादाच्या एका तारेभोवती ॲल्युमिनियमच्या सहा तारा पिळलेल्या असतात.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरला तांब्याची नवी वायर पीळ देऊन जोडावी का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे, आणि वर लिहिलेले सारे गुणधर्म त्या एका जोडात एकमेकांवर उठतात. दोघांच्या विभवांत २ व्होल्टचा फरक असल्याने भिंतीतली ओल मिळताच तेथे लहानशी बॅटरी तयार होते, आणि झीज ॲल्युमिनियमची होते. किनारपट्टीवर एसीच्या बाहेरच्या पेटीत तांब्याच्या नळ्यांवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्या पांढऱ्या पडून झडतात, तोच हा प्रकार. ज्या ऑक्साइडचे मी वर कौतुक केले ते विजेचे दुर्वाहक आहे, म्हणून जोडाचा रोध वाढतो. जोड तापला की एका अंशाला ॲल्युमिनियम दशलक्षात २३ भागांनी प्रसरण पावतो आणि तांबे सुमारे १७ भागांनी. शिवाय स्क्रूच्या दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू सरकत जातो, पकड ढिली होते, आणि ढिला जोड आणखी तापतो. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तांबे महागल्यावर अमेरिकेत अनेक घरांचे वायरिंग ॲल्युमिनियमचे झाले आणि नंतर ज्या आगी लागल्या त्यांचे मूळ बहुधा तारेच्या मधल्या लांबीत नसून जोडांत होते.

शक्य असेल तर ते संपूर्ण सर्किट तांब्याचे करून घ्यावे. ते लगेच जमत नसेल, तर परवानाधारक वायरमनकडून दोन्ही धातूंसाठी बनवलेला बायमेटॅलिक लग (वायरचे टोक बसवायचा धातूचा जोडतुकडा) किंवा तसा कनेक्टर बसवून घ्यावा, ॲल्युमिनियमचे टोक घासून त्यावर लगेच ऑक्साइडरोधक पेस्ट लावायला सांगावी, आणि जोड भिंतीत न बुजवता उघडता येईल अशा पेटीत ठेवावा. आपण ज्या बोर्डाचा उल्लेख केला आहे त्याची पट्टी स्पर्शाला कोमट लागते असे लिहिले आहे. तेव्हा हे काम होईपर्यंत त्या बोर्डाचा पुरवठा मेन स्विचवरून बंद ठेवावा आणि तेथे गिझर किंवा इस्त्री लावू नये.