चिप कोण बघतं, डबा बघा

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंत आणि वायफाय गायब? छान. आता बाजारात जा आणि दिसेल तो सगळ्यात स्वस्त युएसबी डाँगल, म्हणजे पोर्टात खोचायचं वायफाय, उचला, नखाएवढा असेल तर सोन्याहून पिवळं. डब्यावर लिनक्स सपोर्टेड लिहिलंय ना, मग झालं, कुठल्या कर्नलपर्यंत (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) वगैरे विचारून दुकानदाराचा मूड कशाला घालवताय. आत चिप कुठली हे तर चुकूनही बघू नका. एकाच मॉडेलच्या पहिल्या व्हर्जनमध्ये अथेरॉस कंपनीची चिप निघते आणि दुसऱ्यात रिअलटेकची, डबा तोच, नाव तेच. पण आपण डबा घेतोय ना! मीडियाटेकच्या एमटी७६०१यू चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, २०१५ पासूनच कर्नलमध्ये आहे, खोचलं की बहुतेक वेळा चालू, मग रविवार कसा जायचा?

घरी आल्यावर खोचा, काढा, दुसऱ्या पोर्टात खोचा, फुंकर मारून परत खोचा. एलएसयूएसबी कमांड मारली की आयडी दिसतो आणि आयडीवरून चिप शोधता येते, म्हणून ती मारायची नाही. मदतीला आलेल्याने चिप विचारलीच तर सांगायचं, काळी आहे, निळा लाइट लागतो.

काही डाँगल आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतात, पोटात विंडोजचा ड्रायव्हर. ती सीडी नुसती इजेक्ट केली तरी बरेचदा आतलं वायफाय जागं होतं. तुम्ही मात्र ती उघडा, सेटअप डॉट ईएक्सईवर डबल क्लिक करा आणि चहा टाका.

ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट लागतं आणि नेटसाठी ड्रायव्हर, हे तर तुम्हाला कळलंच असेल. फोन केबलने जोडून युएसबी टेदरिंग चालू केलं तर दोन मिनिटांत सुटतं, पण मग पेनड्राइव्ह घेऊन शेजारी जायला निमित्त काय? ड्रायव्हरचा सोर्स कोड आणा, कंपाइल करा, म्हणजे त्यातून चालणारा ड्रायव्हर बनवा, तर त्याला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स, कर्नल हेडर्स, नाहीत म्हणेल, परत जा. मग कंपाइल करणारा जीसीसीच नाही म्हणेल, परत जा, तोवर काकू पोहेसुद्धा देतील.

डीकेएमएस नावाचं टूल लावू नका, नाहीतर कर्नल अपडेट झाल्यावर ड्रायव्हर आपोआप परत बिल्ड होतो आणि हातांना काम उरत नाही. सही नसलेलं अडवणारं सेक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलच्या, म्हणजे आपल्या ड्रायव्हरच्या, सहीची की नोंदवायला रीबूटनंतर एक निळी स्क्रीन येते, तिथे की नोंदवणारं एनरोल मॉक सोडून कंटिन्यू बूट दाबा आणि मग मॉड्यूल रिजेक्ट का झालं म्हणून डाँगलला शिव्या घाला.

आणि हो, २०२३ च्या ६.२ कर्नलपासून रिअलटेकच्या काही युएसबी चिप्सना आतलाच ड्रायव्हर मिळालाय. म्हणजे अपडेटनंतर तुमचा जुना आणि हा नवा, दोघे एकाच डाँगलवर हक्क सांगणार. जुना काढून टाकायचा असतो, असं जाणकार म्हणतात. तुम्ही तिसरा टाका.