मद्याच्या घरपोच विक्रीबाबत खुलासा

'सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे आता देशभर दारू घरपोच मिळणार' असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. टाळेबंदीत, ८ मे २०२० रोजी, दारूदुकानांपुढील गर्दीबाबतच्या याचिकेवर न्यायालयाने आदेश देण्यास नकार दिला आणि राज्यांनी घरपोच विक्रीचा विचार करावा, एवढेच सुचवले. याहून अधिक अपेक्षितही नव्हते, कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या आठव्या नोंदीनुसार मद्याचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी व विक्री हे राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहेत. म्हणूनच महाराष्ट्राने त्याच महिन्यात परवानाधारकांना घरपोच मद्य देण्यास मुभा दिली. गुजरात आणि बिहारमध्ये मात्र दारूबंदी कायम राहिली. हा संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासाही टाकावा.