केईएमची रांग आणि हॅरिस काउंटीची वेस

मुंबईबाहेरच्या रुग्णांकडून पालिका रुग्णालयांत वेगळं शुल्क घ्यावं, हा विचार महापालिकेने 2025-26 च्या अर्थसंकल्पाच्या वेळी बोलून दाखवला. तेव्हापासून तो वाद अधूनमधून डोकं वर काढतोच. कर मुंबईकरांनी भरायचा आणि केईएम, शीव, नायरच्या खाटा ठाणे-पालघरपासून उत्तर प्रदेशापर्यंतच्या लोकांनी अडवायच्या, ही तक्रार. ती खोटी नाही. पण अशी वेस आखली की पुढे काय होतं, ते टेक्ससमध्ये रोज दिसतं.

टेक्ससमध्ये 254 काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग आहेत आणि गरिबाच्या उपचाराची जबाबदारी कायद्याने त्यांच्या गळ्यात आहे. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत येतं, तिथे 1965 च्या मतदानातून स्वतंत्र हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट, म्हणजे स्वतःचा कर लावून सार्वजनिक रुग्णालयं चालवणारी संस्था, झाला. बेन टॉब आणि एलबीजे ही त्याची रुग्णालयं. त्यासाठी घरपट्टीत वेगळी ओळ असते. 2024 मध्ये दर 100 डॉलर मूल्यावर साधारण 16 सेंट, म्हणजे सवलती न धरता 3 लाख डॉलरच्या घरामागे वर्षाला 480-490 डॉलर. 2023 मध्ये मतदारांनी नव्या एलबीजेसह कामांसाठी अडीच अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. पैसा कुठे जातो ते दिसलं की लोक देतात. पालिकेने उचलावं असं काही असेल तर हे.

आता वेशीपलीकडे. शेजारची फोर्ट बेंड काउंटी पैसेवाली, शुगरलँडची बरीच मराठी मंडळी तिथलीच. पण तिथे हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट नाही. अशा काउंटीने गरिबांसाठीची योजना चालवायची आणि तिची उत्पन्नाची कमाल मर्यादा कायद्याने निदान दारिद्र्यरेषेच्या 21 टक्के ठेवायची. एकट्या माणसाची कमाई महिन्याला पावणेतीनशे डॉलरच्याही वर गेली की तो बाद होऊ शकतो. योजनेत बसला तरी वर्षाला 30 हजार डॉलर किंवा रुग्णालयातले 30 दिवस, एवढीच मजल. हॅरिसमध्ये मदतीची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या दीडपट, म्हणजे 2024 च्या आकड्यांनी महिन्याला 1,880 डॉलर. केटी हे गाव तर तीन काउंट्यांत पसरलंय. शाळा एक, दुकानं एक, पण घर कुठल्या बाजूला यावर औषधपाणी ठरतं.

तातडीच्या विभागात मात्र कुणालाही परत पाठवता येत नाही, 1986 चा केंद्रीय कायदा आहे. तपासायचं आणि प्रकृती स्थिर करायची, एवढंच त्यात येतं. मोडलेल्या मनगटाला स्प्लिंट बांधून मिळतं. प्लेट बसवायची तारीख मिळेलच असं नाही. मग हाड वाकडं जुळतं, माणूस कामावरून जातो आणि दोन महिन्यांनी जास्त खर्चाचा होऊन त्याच दारात येतो.

शिवाय वेस राखायला कारकून लागतात. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पगाराच्या पावत्या आणा. भावाकडे राहणाऱ्याचं वीजबिल भावाच्या नावावर, आणि रोखीने मजुरी घेणाऱ्याकडे पावती कुठली? फॉर्म परत. अडकतो तो खरोखर इथेच राहणारा, कारण कागद त्याच्याकडेच नसतात. मुंबईतही हेच होईल. गोवंडीत पंधरा वर्षं भाड्याने राहणाऱ्याच्या आधारवर गावाकडचा पत्ता असतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीचा नोंदणीकृत भाडेकरार कोण करून देतो?

‘मुंबईकरांचा कर’ हेही अर्धंच खरं. 1 जुलै 2017 ला जकात गेली, तिच्या बदल्यात पालिकेला राज्याकडून जीएसटीची भरपाई मिळते. त्या तिजोरीत विरारचा दुकानदारही भरतो. हॅरिसची घरपट्टी आणि पालिकेची तिजोरी एका मापाने मोजणं चुकीचंच.

भार खरा आहे, तर वसुली केसपेपरच्या खिडकीवर कशाला? टेक्ससच्या कायद्यातच दुसरी वाट आहे: रुग्णाचा रहिवास कळला की रुग्णालयाने त्याच्या काउंटीला 72 तासांत कळवायचं आणि बिल तिला पाठवायचं. कळवायला उशीर झाला की पैसे बुडतात, म्हणून ती वाट तिथे अडखळत चालते. पण मुंबईत केसपेपरवर पत्ता लिहिला जातोच. वर्षभराचे पिनकोड मोजा, वसई-विरार, भिवंडी, मीरा-भाईंदर पालिकांच्या नावे हिशेब काढा आणि तो राज्याने त्यांच्या अनुदानातून वळता करावा. रांगेतल्या माणसाला विचारायचं ते फक्त कुठे दुखतंय.