अठ्ठ्यांची जोडी आली की डोकं फिरतं

पोकरमध्ये हातातल्या दोन पानांत एक्क्यांची जोडी आली तर काय करायचं ते शेंबड्या पोरालाही कळतं. दुर्र्यांची आली तरी कळतं, स्वस्तात फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन सामायिक पानं, मिळाला तर बघा, नाहीतर टाका. पण सत्ती ते दश्शी या मधल्या जोड्या म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

त्यात आमचं टेबल. घोडबंदर रोडला मित्राच्या हॉलमध्ये, शनिवारी रात्री. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. जो आधी साफ होईल त्याने रविवारी सगळ्यांना मामलेदारची मिसळ खिलवायची. जाऊन जाऊन मिसळीचे पैसे जाणार, मग फोल्ड करून पानं टाकतंय कोण? सगळे तीन पत्तीवर वाढलेले, दिवाळीत पानं न बघता ब्लाइंड खेळून हात सैल झालेले. 2025च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंद झाले, तेव्हापासून फोल्ड नावाचं बटण माहीत असलेला माणूसच भेटत नाही. अठ्ठ्यांवर मी बिग ब्लाइंडच्या, म्हणजे सुरुवातीच्या सक्तीच्या बेटच्या, तिप्पट रेज करतो ते समोर एकच जण उरावा म्हणून. उरतात चौघे! एक म्हणतो, "सुटेड आहे रे." काय सुटेड? एकाच रंगाची राणी-तिर्री!

मग फ्लॉप. हातात अठ्ठ्या असताना फ्लॉपवर त्याहून मोठं निदान एक पान पडायची शक्यता जवळपास 87 टक्के. नव्व्यांना 79, दश्श्यांनाही सुमारे 70. समोर एकटा असेल तर राजा पडला तरी एक बेट मारून बघता येते, त्याच्याकडेही बऱ्याचदा काही नसतं. चौघांसमोर कुठली बेट मारता? गपगुमान चेक करायचं, म्हणजे काही न लावता पाळी सोडायची, आणि पहिल्या बेटला पानं टाकायची.

आणि सल्ले देणारे! "सेट लागला तरच पुढे जा." अहो, फ्लॉपवर तिसरी अठ्ठी लागते साधारण साडेआठ वेळांत एकदा. बाकीच्या वेळी गेलेलं भरून यायचं तर समोरच्याकडे माझ्या कॉलच्या, म्हणजे त्याच्या बेटइतकं मी लावलेल्याच्या, दहा-पंधरापट चिप्स उरलेल्या हव्यात, आणि त्या त्याने द्यायलाही हव्यात. आमच्याकडे दर वीस मिनिटांनी ब्लाइंड दुप्पट होतात. अकरा वाजेपर्यंत वीस बिग ब्लाइंडसुद्धा कुणाकडे नसतात. कसला सेट शोधू?

"मग ऑल-इन जा." गेलो, सगळ्या चिप्स लावून. एक्का-राजाने कॉल केला की माझे साधारण 55 टक्के, त्याचे 45. एवढी अक्कल पाजळून शेवटी जवळजवळ छापा-काटाच! आणि समोर दश्श्या निघाल्या तर पाचात एकदा जिंकणार, तेही नशीब असेल तर.

"पोझिशन बघ, कुणानंतर तुझी पाळी येते ते बघ, समोरचा कसा खेळतो ते बघ." समोरचा स्वतःची पानं धड बघत नाही, मी त्याच्यात काय बघू? परवा फ्लॉप पडला सत्ती, पंजी, दुर्री. अठ्ठ्यांना याहून गोड फ्लॉप नाही. मध्ये जमलेल्या पॉटच्या अर्धी बेट लावली, बाकीचे चक्क गेले, एक महाशय बसले. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, नव्वी, रिव्हरला, म्हणजे पाचव्याला, चौकी, आणि यांच्या हातात नव्वी-चौकी! त्याच्या दोन जोड्या, माझी एकच! वेगवेगळ्या रंगांची! माझा रेज, माझी बेट, सगळं या दोन पानांवर कॉल केलेलं.

वर पानं टेबलावर टाकून मलाच विचारतो, "जिंकलो का रे मी?"