सातचे आकडे सहाला

गंगापूर रोडवरच्या चहाच्या टपरीशेजारी आमचा कट्टा भरतो. १६ मार्च २०२५ च्या रविवारी संध्याकाळी तिथे जो वाद पेटला, तो परदेशी व्यापारी वृत्तवाहिन्यांच्या वेळापत्रकावरून पेटला. नाशिकच्या कट्ट्यावर हा विषय निघालाच कसा, असे कोणी विचारील. पण मार्च हा आमच्याकडे द्राक्षांच्या निर्यातीचा ऐन हंगाम असतो आणि कट्ट्यावरच्या पाच जणांपैकी बापूंचा पैसा युरोमध्ये येतो. त्यांची बाग निफाडकडे आहे, माल रॉटरडॅमला जातो, आणि कंटेनर बंदरातून निघाल्यापासून पैसे खात्यात जमा होईपर्यंत त्यांना शांत झोप लागणार की नाही, हे युरोचा भाव ठरवतो.

बापूंनी बुधवारची हकीकत सांगितली. १२ तारखेला अमेरिकेच्या महागाईचे आकडे जाहीर व्हायचे होते. सगळा हिवाळाभर हे आकडे आपल्याकडे संध्याकाळी सातला येत होते, म्हणून ते पॅकहाउसमधून घाईने घरी आले, हातपाय धुतले आणि पावणेसातला टीव्ही लावून बसले. पडद्यावर दोन निवेदक आकड्यांचा अर्थ लावत होते, खाली सरकणाऱ्या पट्टीवर आकडे केव्हाच जुने झाले होते आणि कोपऱ्यातल्या चौकटीत युरोची रेघ जी काही हलायची ती हलून सपाट झाली होती. "सातचे आकडे सहालाच येऊन गेले," बापू म्हणाले, "आणि आठवड्याभरापूर्वी युरोपच्या मध्यवर्ती बँकेचा निर्णय मात्र बरोबर पावणेसातला आला होता. मग माणसाने कोणत्या घड्याळावर विसंबावे?"

डीलरकाकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. त्यांची सारी नोकरी मुंबईत एका बँकेच्या डीलिंग रूममध्ये, म्हणजे परकीय चलनाची खरेदी-विक्री चालते त्या खोलीत, झाली. "बापू, घड्याळ चुकले नाही. अमेरिकेने उन्हाळ्यासाठी आपले घड्याळ ९ मार्चलाच एक तास पुढे केले, आणि युरोप ते ३० मार्चला करणार. २००७ पासून अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार ठरलेला आहे, युरोपात शेवटचा. आपण घड्याळ हलवत नाही, सिंगापूर आणि हाँगकाँगही हलवत नाहीत. त्यामुळे दर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात की न्यूयॉर्क उन्हाळ्यात असते आणि लंडन हिवाळ्यात."

त्यांनी बापूंच्या डायरीचे एक पान उघडून त्यावर वेळा लिहून दाखवल्या. हिवाळ्यात न्यूयॉर्कचा बाजार आपल्या रात्री आठला उघडतो आणि लंडनचा रात्री दहाला बंद होतो, म्हणजे दोन्ही बाजार दोन तास एकत्र चालू असतात. या तीन आठवड्यांत न्यूयॉर्क सातलाच उघडते, लंडन मात्र दहालाच मिटते, आणि दोनाचे तीन तास होतात. लंडनहून चालणाऱ्या वाहिनीवर दुपारनंतर अमेरिकेतलेच कार्यक्रम थेट दाखवले जात असल्यामुळे तिथे अमेरिका एक तास आधी येऊन बसते आणि लंडनच्या माणसांचा तेवढा तास आखडतो. "वेळापत्रक हलते म्हणतात ते हे," काका म्हणाले. "प्रेक्षकाला वाटते की कार्यक्रम बदलला. खरे तर बाजार उघडण्याची घंटा सरकलेली असते."

ताईला हे सगळे ठाऊक होते, कारण ती एका अमेरिकी ग्राहकासाठी रात्रपाळी करते आणि १० तारखेच्या सोमवारपासून तिचीही पाळी तासभर अलीकडे आली होती. तिचे म्हणणे रोखठोक होते. फोनवरची आर्थिक दिनदर्शिका भारतीय वेळ आपोआप दाखवते आणि आकडा येताच फोन वाजतो. मग टीव्हीच्या वेळापत्रकासाठी जीव का टाकायचा? "बापू, तुमच्या फोनमध्ये मी आत्ता लावून देते," असे म्हणून तिने हात पुढे केला आणि बापूंनी फोन दिलाही. पण ते म्हणाले, "आकडा मला फोन सांगेल गं. त्या आकड्याचे काय करायचे, हे मला बोलणाऱ्या माणसांकडून ऐकायचे असते."

यावर वाणिज्य महाविद्यालयात शिकवणारे सर बोलते झाले आणि खऱ्या वादाला तोंड फुटले. त्यांच्या मते बोलणारी माणसे जगभरासाठी एकच असली तरी चालतात. महागाईचा आकडा लंडनमध्ये आणि सिंगापूरमध्ये वेगळा नसतो; मग तीन खंडांत तीन स्टुडिओ आणि तीन ताफे कशाला पोसायचे? १९९८ मध्ये सीएनबीसी या अमेरिकी व्यापारी वृत्तवाहिनीची युरोपीय शाखा युरोपियन बिझनेस न्यूजमध्ये आणि आशियाई शाखा एशिया बिझनेस न्यूजमध्ये मिसळली गेली, तेव्हाच हे उघड झाले होते की एवढ्या वाहिन्यांना पुरेल इतका प्रेक्षक नाही. २००९ मध्ये ब्लूमबर्ग या दुसऱ्या व्यापारी वृत्तसंस्थेने जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश अशा भाषांतल्या वाहिन्या आवरत्या घेतल्या आणि इंग्रजीवर भर दिला. बीबीसीनेही एप्रिल २०२३ मध्ये देशांतर्गत आणि जागतिक वृत्तवाहिनी एकत्र केली. त्यात भर म्हणजे सीएनबीसीची मालक कंपनी कॉमकास्टने सीएनबीसीसह आपल्या बहुतेक केबल वाहिन्या वेगळ्या कंपनीत काढण्याचे नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले होते. सरांनी शेवटी विचारले, "जिथे पैसा आटतो तिथे वेळापत्रक आटणारच. त्यात दुःख कसले?"

काकांचा आवाज चढला. तो रागाने नव्हे, मायेने चढला, असे मला वाटले. त्यांनी डीलिंग रूमचे वर्णन केले. भिंतीवरचा टीव्ही दिवसभर चालू असे, पण आवाज बंद. टेबलावर दलालांचे भाव ओरडून सांगणारा छोटा स्पीकर असे, ज्याला इंग्रजीत स्क्वॉक बॉक्स म्हणतात आणि ज्यावरून सीएनबीसीच्या 'स्क्वॉक बॉक्स' या प्रसिद्ध कार्यक्रमाला नाव मिळाले. टीव्हीचा आवाज दिवसातून मोजक्या वेळा मोठा केला जाई, आणि त्यांतली एक वेळ दुपारची असे. डिसेंबर २००५ मध्ये सीएनबीसीने 'वर्ल्डवाइड एक्स्चेंज' सुरू केला होता, ज्यात एक निवेदक सिंगापूरला, एक लंडनला आणि एक न्यू जर्सीला बसून तिघे मिळून एकच कार्यक्रम चालवत. न्यू जर्सीत पहाट असे, लंडनमध्ये सकाळ आणि सिंगापूरमध्ये संध्याकाळ. "पडद्यावर तीन चौकटी असत," काका सांगत होते. "लंडनवाला बँकांबद्दल काही ठाम बोलला की सिंगापूरची बाई त्याला तिथल्या तिथे विचारी, की मग आज आमच्याकडे बाजार याच्या उलट का गेला? २००८ मध्ये एकेक बँक कोसळत होती, तेव्हा आम्ही त्या प्रश्नांवरून शिकत होतो. पुढे ती तीन खुर्च्यांची मांडणी मोडली आणि जानेवारी २०१६ पासून कार्यक्रम अमेरिकेतल्या स्टुडिओत गेला."

"पण लंडनला त्याऐवजी 'स्ट्रीट साइन्स' हा स्वतःचा कार्यक्रम मिळाला ना?" सरांनी अडवले. "प्रत्येकाला आपापला तास मिळाला. तुम्हाला हवे ते हेच होते."

काका क्षणभर थांबले. सरांचा मुद्दा बिनतोड होता, हे मलाही मान्य आहे. मग ते म्हणाले, "तास मिळाला, पण समोरासमोर बसणे गेले. एकमेकांच्या बाजाराबद्दल बोलणे निराळे आणि एकमेकांशी बोलणे निराळे."

मी इतका वेळ ऐकत होतो. मी तिथे जे बोललो तेच इथे लिहितो. वेळापत्रकातले सगळे बदल एका मापाने मोजू नयेत. घड्याळामुळे होणारा बदल प्रामाणिक असतो. बाजार उघडतो तेव्हा वाहिनीने तिथे हजर असलेच पाहिजे. बाजाराने स्वतःची वेळ बदलली तर होणारा बदलही तसाच. ५ नोव्हेंबर २०२४ पासून टोकियोचा बाजार अर्धा तास जास्त चालतो आणि आपल्या साडेअकराऐवजी बाराला बंद होतो. आशियाच्या कार्यक्रमांनी त्याप्रमाणे आपली मांडणी हलवणे योग्यच आहे. पण एखाद्या प्रदेशाचा तास काढून तिथे दुसरीकडचा कार्यक्रम जसाच्या तसा जोडला जातो, तेव्हा वेळापत्रकात एकच ओळ बदललेली दिसते आणि प्रत्यक्षात त्या प्रदेशातून प्रश्न विचारणारा माणूस उठून गेलेला असतो. बापूंच्या युरोबद्दल फ्रँकफर्टच्या, म्हणजे युरोपच्या मध्यवर्ती बँकेच्या, अंगाने प्रश्न विचारणारा लंडनमध्ये बसलेला असतो. अमेरिकेतल्या निवेदकाला युरोचा विषय डॉलरच्या मागून सुचतो. हा त्याचा दोष नाही, त्याच्या खुर्चीचा गुण आहे. खर्चाचे कारण खरे असेल, पण जे गेले त्याला नुसती काटकसर म्हणणे मला पटत नाही.

सर म्हणाले, "मग नॅसडॅकचे काय करणार?" नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजाराने त्याच महिन्यात जाहीर केले होते, की नियामकांची परवानगी मिळाली तर २०२६ च्या उत्तरार्धापासून आठवड्याचे पाच दिवस चोवीस तास व्यवहार चालू ठेवण्याचा त्यांचा विचार होता. घंटाच नसेल तर घंटेभोवती रचलेले कार्यक्रम कशाला बांधायचे, हा सरांचा प्रश्न सगळ्यांनाच विचारात पाडणारा होता. ताईचे मत असे पडले, की तेव्हा आशियातल्या तासांचे मोल वाढेल, कारण न्यूयॉर्कच्या मध्यरात्री अमेरिकी समभागांचे व्यवहार पाहणारी जागी माणसे टोकियो, सिंगापूर आणि मुंबईतच असतील. काकांना हे मनापासून आवडले. सरांनी मान हलवली, पण होकारार्थी की नकारार्थी, ते मला कळले नाही.

काकांनी एक व्यवहाराचा मुद्दाही बापूंच्या कानावर घातला, की संध्याकाळी सहाचा आकडा सहालाच कळला असता तरी आपल्याकडचा रुपया-डॉलरचा नेहमीचा बाजार तोवर बंद झालेला असतो, त्यामुळे फॉरवर्ड बुक करायचे, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशाचा भाव आधीच ठरवून ठेवायचा, तर बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळीच. "म्हणजे माझे नुकसान झाले नाही?" बापूंनी विचारले. "पैशाचे नाही," काका म्हणाले. "पण विचार करायला मिळणारी एक रात्र तुम्ही गोंधळात घालवली."

तोवर ताईने फोन परत दिला होता, पण बापूंना डायरीतच लिहून हवे होते. पुढच्या बुधवारी, १९ मार्चला, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचा व्याजदराचा निर्णय होता. जानेवारीत तो आपल्या रात्री साडेबाराला आला होता, या वेळी साडेअकराला येणार होता आणि पत्रकार परिषद बाराला सुरू होणार होती. लंडनमध्ये तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असणार होते, नेहमीसारखे सात नव्हे. त्याच बुधवारी नाशिकची रंगपंचमी होती. रहाडींच्या, म्हणजे रंगपंचमीच्या रंगाच्या जुन्या हौदांच्या, खोदाईची लगबग जुन्या नाशकात सुरू झाली होती, आणि बापू दरवर्षी रहाडीत उडी मारतात. काकांनी १९ तारखेच्या पानावर साडेअकरा असे मोठ्या अक्षरांत लिहिले, पुढे १७ एप्रिलच्या पानावर युरोपच्या बँकेसाठी पावणेसहा असे लिहिले, कारण तोवर युरोपचे घड्याळही पुढे गेलेले असेल, आणि डायरी बापूंच्या हातात दिली.